साळवे सरांचा कोरडा शिक्का

साळवे सरांना तुम्ही सांगा, "सर, चहा झालाय." ते चष्म्यावरून बघतील आणि विचारतील, "कुणी सांगितलं?"

चहा मीच केलेला असतो. कप माझ्याच हातात असतो. वाफ त्यांच्या चष्म्यावर जात असते. तरी विचारतात. मी कप टेबलावर ठेवते. मग ते कपाला बोट लावून बघतात, चटका बसला की म्हणतात, "झालाय खरा." तेव्हा कुठं चहा झालेला असतो.

सरांचे प्रश्न तीन. कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? पाहिलं कुणी? देव जरी समोर उभा राहिला तरी आधी या तिन्हींची उत्तरं द्यावी लागतील, आणि ओळख देणारा दुसरा देव सोबत आणावा लागेल.

आमच्या कॉलेजातल्या कारकुनाचा सासरा वारला, तेव्हाची गोष्ट. सगळे त्याच्याभोवती जमले, वाईट झालं म्हणाले. प्राचार्यांनी तिथल्या तिथं तीन दिवसांची रजा दिली. साळवे सर आले आणि विचारलं, "कुणी सांगितलं?" कारकून म्हणाला, गावाकडून फोन आला. "फोन करणाऱ्यानं पाहिलं का?" लोकांनी डोळे वटारले. अशा वेळी हे काय विचारणं? पण सर हलेनात. शेवटी कारकुनानं रडत रडत सासरवाडीला फोन लावला, तर फोन सासऱ्यानंच उचलला. वारलेला माणूस त्याच नावाचा, पलीकडच्या गल्लीतला. कारकुनानं सरांना अजून माफ केलेलं नाही. सासरा परत आला याचं नाही, रजा परत गेली याचं.

बाजारात पेरूवाला म्हणतो, गोड हायेत. सर म्हणतात, "कुणी सांगितलं?" पेरूवाला आता त्यांना लांबून बघूनच टोपली झाकतो.

साळवे सर गंगाखेडच्या आमच्या बी.एड. कॉलेजात ग्रंथपाल आहेत. मी तिथंच झाडलोट करते, चहा करते. चौथी शिकले. मी बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं की मला ऐकूही येत नाही. त्यामुळं माझ्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलतात. माझी सगळी माहिती अशी आलेली आहे.

पुढं शाळेत विज्ञान शिकवणार अशी एकतीस मुलंमुली आमच्याकडं आहेत. सगळ्यांनी बी.एस्सी. केलेलं. त्यांना दर शनिवारी शेवटचा तास साळवे सरांचा. वेळापत्रकावर त्याचं नाव 'माहिती साक्षरता'. पोरं त्याला चिठ्ठीचा तास म्हणतात. सगळ्यांच्या बस त्याच वेळेला असतात, म्हणून तो तास तिथं ठेवलेला आहे. आमच्या कॉलेजात कुणाला काय किंमत आहे ते वेळापत्रकावरून कळतं. प्राचार्यांचा तास सोमवारी पहिला असतो, आणि ते मंगळवारी येतात.

चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद. कोणतीही माहिती वर्गात सांगायची, तर आधी चिठ्ठी भरायची. काय कळलं. कुणी सांगितलं. त्याला कुणी सांगितलं. पाहिलं कुणी. आणि शेवटची ओळ, आपण जाऊन पाहिलं का. ही पाचवी ओळ पोरं कोरी सोडतात. काही हुशार तिथं 'लागू नाही' असं लिहितात.

सरांनी परभणीहून एक रबरी शिक्का करून आणलेला आहे. त्यावर अक्षरं आहेत, 'पडताळले'. पाचवी ओळ खरी भरली असेल त्याच चिठ्ठीवर तो मारायचा. सोबत जांभळ्या शाईची डबी. मी नोकरीला लागले तेव्हापासून रोज ती डबी पुसते. शाई वाळून तिला भेगा पडल्यात, पावसानं ताण दिल्यावर जमिनीला पडतात तशा. शिक्का एकदाही उठलेला नाही.

"मंगलबाई," सर मला म्हणायचे, "एकजण जरी जाऊन पाहून आला ना, तर माझी नोकरी सार्थकी लागली."

मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, सर, ही पोरं पाणी प्यायला नळापर्यंत जात नाहीत, बाटली मागवतात.

यंदा प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मी तिथंच फरशी पुसत होते, म्हणजे कुणीच नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "साळवे, तुमच्या तासाचा उपयोग काय हाय? पोरं बेजार झालीत. मी शनिवारी व्यक्तिमत्त्व विकास ठेवीन म्हणतो."

सर म्हणाले, "एक महिना द्या."

"जानेवारीत तपासणी समिती यायलीय. तिच्यासमोर तुमच्या पोरांनी काही करून दाखवलं तर तास ऱ्हाईल. न्हाई तर न्हाई."

सर परत आले ते सरळ कॉम्प्युटरपुढं बसले आणि दोन दिवस एका बोटानं काहीतरी टाईप करत राहिले. तिसऱ्या दिवशी विज्ञानाच्या कपाटात एक नवी फाईल आली. मी धूळ पुसताना उघडली. मला वाचायला वेळ लागतो, पण मी शब्द सोडत नाही. वर ठळक लिहिलं होतं, 'ज्वारी : एक सूर्यनिष्ठ पीक'. खाली असं, की मराठवाड्यातल्या ज्वारीचं कणीस सकाळी पूर्वेकडं तोंड करतं, दिवसभर सूर्याबरोबर फिरतं आणि संध्याकाळी पश्चिमेकडं वळतं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठून घेतलं, काही नाही. चारी बाजूंनी नक्षी मात्र काढलेली.

मला हसू आलं. नोकरी लागायच्या आधी मी पंधरा वर्षं लोकांच्या ज्वारीत खुरपण केलं, काढणी केली. पदर तोंडावर धरला, पण सरांनी पाहिलं.

"काय झालं, मंगलबाई?"

"काई न्हाई, सर."

"बरं," म्हणाले, आणि तेही थोडं हसले. तेव्हा मला कळलं की हे त्यांनी मुद्दाम पेरलंय.

आता ऐका. आमच्या ग्रंथालयाला एक खिडकी आहे. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत, आणि भिंतीला लागून सात-आठ एकर ज्वारी. हुरड्यात आलेली. कणसं भिंतीवरून आत डोकावत होती. पाखरं हाकलायचा आवाज वर्गात यायचा. कुणालाही मान वळवायची तेवढी होती.

सरांनी तासाला स्थानिक पिकावर चिठ्ठी भरायला सांगितली, आणि एकतीसच्या एकतीस जणांनी ती माहिती उतरवून घेतली.

एकानं त्यात 'असे शास्त्रज्ञांचे मत आहे' हे स्वतःहून घातलं. दुसऱ्यानं सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन चित्रं काढली, रंगीत. एकानं तर याच्यावर पाठ घेतला शाळेत. पाचवी ओळ सगळ्यांची कोरी.

पेडगावची रेणुका नावाची एक मुलगी होती, गरीब स्वभावाची. सरांनी तिला विचारलं, "रेणुका, तुमच्या शेतात काय आहे?"

"ज्वारी हाय की सर. चार एकर."

"कणीस फिरतं का?"

रेणुका गोंधळली. "आता पुस्तकात हाय म्हणल्यावर फिरत असंल, सर. आमचंच ध्यान न्हाई गेलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

मला त्या पोरीची कीव आली. तिच्या बापानं हयात घातली त्या चार एकरात, आणि तिनं एका नक्षीच्या कागदासाठी बापाला आंधळं ठरवलं. पण मी कोण बोलणार? मी चहा दिला.

समिती आली. तीन माणसं, तीन हार, तीन नारळ. कार्यक्रम ग्रंथालयातच ठेवलेला, कारण तिथं पंखे चालतात. प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या मातीतली साधी ज्वारीसुद्धा दिवसभर सूर्याकडं तोंड करून उभी असते. तसंच आमचं कॉलेज प्रगतीकडं तोंड करून उभं आहे."

टाळ्या. समितीचे अध्यक्ष मान डोलावून म्हणाले, "हो, हे माझ्याही वाचनात आलेलं आहे."

कुठं आलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. फाईल आमच्या कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला.

साळवे सर उभे राहिले. मला वाटलं, आता घात.

"सर, कुणी सांगितलं?"

प्राचार्य हळूच पण दात ओठ खाऊन म्हणाले, "तुमच्याच फायलीत हाय, साळवे!"

"ती मी लिहिली. खोटी आहे. महिनाभर कपाटात आहे. एकतीस जणांनी वाचली, एकानंही विचारलं नाही. आता चार वाजलेत. खिडकी उघडली तर समोर ज्वारी आहे. कुणीतरी फक्त उठून बघा."

कुणी उठलं नाही. पोरं प्राचार्यांकडं बघायला लागली, प्राचार्य समितीकडं, आणि समिती नारळांकडं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"मंगलबाई, तुम्ही ती फाईल वाचून हसला होतात. का?"

ट्रेमधल्या कपबशा वाजायला लागल्या. पण सरांचं तोंड असं झालं होतं, की न बोलणं पाप झालं असतं.

"कणीस सूर्याकडं न्हाई बघत, सर. वारं असंल तिकडं झुकतंय. दाणा भरला की खाली मान घालतंय. सूर्याचं त्याला काय पडलंय?"

सगळे हसले. अध्यक्षांनी विचारलं, "या बाई कोण?" प्राचार्य म्हणाले, "आमच्या सेविका. चौथी पास." मग आणखी हसले. अध्यक्ष फार समजूतदार माणूस. म्हणाले, "फिरत असेल थोडंफार. साध्या डोळ्यांना दिसत नसेल." आणि चहाला हात घातला.

खिडकी बंदच राहिली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्यात स्थानिक पिकांवरच्या संशोधनाबद्दल आमच्या कॉलेजचं कौतुक केलं होतं. आणि सरांचा तास गेला. शनिवारी आता व्यक्तिमत्त्व विकास असतो. पोरं गोल उभी राहून एकमेकांना टाळ्या देतात आणि बसच्या वेळेला सुटतात.

आता सरांची एक गोष्ट राहिली. वर्षातून तीन-चारदा ते अचानक गायब व्हायचे. फोन यायचा, सर हातातलं टाकून कापडी पिशवी घ्यायचे आणि निघायचे. दुसऱ्या दिवशी परत. कुठं गेले होते, सांगायचे नाहीत. स्टाफरूमनं ठरवून टाकलं होतं, की पूर्णेला सरांची एक बाई आहे. सरांचं लग्न झालेलं नाही, मग दुसरं काय असणार? ती बाई गोरी आहे इथपर्यंत स्टाफरूमला माहीत होतं. पाहिलं कुणी, तर कुणीच नाही. मीही, खोटं कशाला बोलू, ते खरंच धरून चालले होते.

एक मात्र माझ्या ध्यानात आलं होतं. ते फोन आले की सर कुणाला काही विचारायचे नाहीत. 'कुणी सांगितलं' नाही, काही नाही. चपला घालायच्या, निघायचं.

तास बंद झाल्यावर प्राचार्यांनी चिठ्ठ्यांचं लाकडी कपाट व्हरांड्यात ठेवायला सांगितलं. वीस खणांचं कपाट. सगळ्यात खालच्या खणाला कुलूप असायचं. ओढताना कपाट एका बाजूला कललं, जुनं कुलूप निघालं आणि खण माझ्या पायावर पडला. पाय चोळत चिठ्ठ्या गोळा करायला बसले. सर घरी गेले होते. मी वाचायला नको होतं. पण वाचलं.

'काय कळलं : सुधाकर पूर्णा स्टेशनवर दिसला. कुणी सांगितलं : मोहन. त्याला कुणी सांगितलं : एक हमाल. पाहिलं कुणी : हमालानं, लांबून. आपण जाऊन पाहिलं का : होय. तो नव्हे.'

दुसरी, परळीची. तो नव्हे. तिसरी नांदेडच्या दवाखान्याची. तो नव्हे. पूर्णा पुन्हा एकदा. तो नव्हे. खण भरून चिठ्ठ्या. जुन्या पिवळ्या पडलेल्या, शाई उडालेली. प्रत्येकीची पाचवी ओळ भरलेली. आणि एकीवरही शिक्का नव्हता. स्वतःच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा नाही, असा त्यांचा नियम असावा.

सगळ्यात मागं एक वेगळा कागद होता. 'सुधाकर. धाकटा भाऊ. घरातून बाजारात जातो म्हणून गेला. खूण : डाव्या हाताची दोन बोटं अर्धी, कडबा कापायच्या यंत्रात गेलेली.' आणि खाली बारीक अक्षरात, 'यंत्र मी फिरवत होतो.'

पूर्णेची गोरी बाई ती ही.

मी चिठ्ठ्या होत्या तशा लावल्या, कुलूप नुसतं अडकवून ठेवलं. त्या दिवशी घरी भाजी खारट झाली. सासूनं विचारलं, लक्ष कुठं हाय तुझं?

त्यानंतर महिन्याभरानं, शनिवारी दुपारी, रेणुका माझ्याकडं मोबाईल घेऊन आली. "बाई, हे बगा. पालमच्या स्टँडवर एक म्हातारा बसलाय म्हणं. नाव साळवे सांगायलाय. घरचं कुणी न्हाई. आपल्या सरचे कुणी असतील का? सरला पाठवू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणी सांगितलं?"

रेणुका बघतच राहिली. मीही माझाच आवाज ऐकून दचकले.

"गटावर आलंय."

"गटावर कुणी टाकलं?"

"ते... दुसऱ्या गटावरून आलंय."

"पाहिलं कुणी?"

"बाई, तुमी तर सरसारखंच करायलाव!"

"सरला पाठवू नको. दोन दिस थांब."

पालमला माझी बहीण दिली आहे. रविवारी सकाळच्या बसनं गेले. आयुष्यात मी परक्या माणसाशी स्वतःहून बोललेले नाही. कंडक्टरला सुद्धा गावाचं नाव न सांगता सुटे पैसे दाखवते. स्टँडवर उतरले तर कोपऱ्यातल्या बाकावर म्हातारा होता. दाढी वाढलेली, दोन्ही हात घोंगडीत. सरांसारखा दिसतोय असं वाटलं. मग वाटलं, नाही दिसत. असल्या वेळी डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, हे तिथं कळलं.

अर्धा तास लांब उभी राहिले. मग जवळ गेले.

"बाबा, तुमी साळवे का?"

"हाव," म्हणाला.

वाटलं, असंच पळत जाऊन सरांना सांगावं. पण सरांच्या हाताखाली इतकी वर्षं उगाच फरशी पुसली नाही.

"बाबा, तुमी कदम का?"

"हाव."

"तुमी कलेक्टर का?"

"हाव, हाव," म्हणाला आणि छान हसला.

कुणीतरी त्याला साळवे का म्हणून विचारलं असणार. तो हाव म्हणाला, आणि झाला साळवे. अख्ख्या तालुक्याला त्याचं नाव कळलं.

तरी हात बघणं भाग होतं. गाड्यावरून चहा आणला आणि पुढं धरला. थंडी होती. त्यानं घोंगडीतून दोन्ही हात काढले आणि ग्लास घट्ट धरला. मी बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहाही पूर्ण होती. मला हायसं वाटलं का वाईट वाटलं, अजून सांगता येत नाही. बहिणीच्या मालकाला सांगून म्हाताऱ्याच्या जेवणाची सोय लावली आणि परतीच्या बसमध्ये बसून चिठ्ठी लिहिली. गाडी हिंदकळत होती, अक्षर वाकडं आलं.

सोमवारी सकाळी गेले, तर सर ग्रंथालयात आधीच हजर. टेबलावर रजेचा अर्ज, शेजारी कापडी पिशवी. पिशवीतून डब्याचं झाकण दिसत होतं. रेणुका थांबली होती, पण कारकून कसा थांबेल? त्यानं रविवारी रात्रीच सरांच्या मोबाईलवर तो मजकूर पाठवला होता. चपला घालून सर उभे होते.

"मंगलबाई, मी जरा पालमला जाऊन येतो."

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

सरांनी चष्मा वर केला. वाचायला लागले. मला पाठ होतं.

'काय कळलं : पालमला म्हातारा हाय, साळवे सांगतोय. कुणी सांगितलं : रेणुका. तिला कुणी सांगितलं : मोबाईल. पाहिलं कुणी : टाकणाऱ्यानं पाहिलं का माहीत न्हाई. आपण जाऊन पाहिलं का : होय. रविवारी. बोटं दहा. तो नव्हे.'

सर खुर्चीत बसले. बाहेर टाळ्यांचा आवाज आला. शनिवारचं व्यक्तिमत्त्व अपुरं राहिलं असेल, सोमवारी पुरं करत होते.

मला वाटलं, आता विचारतील. माझा खण कुणी उघडला? बोटांचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी उत्तर पण ठरवून ठेवलं होतं. कुलूप जुनं होतं, सर.

त्यांनी विचारलं नाही. कोणताच प्रश्न विचारला नाही. शाईची डबी ओढली, उघडली, तांब्यातलं पाणी बोटानं त्या भेगांवर शिंपडलं. शिक्का तीनदा दाबला आणि चिठ्ठीवर ठेवून दोन्ही हातांचा भार दिला. उचलला तर अर्धाच उठला होता. 'पडता' एवढंच वाचता येत होतं. त्यांनी पुन्हा नाही मारला. व्हरांड्यात जाऊन, कुलूप बाजूला करून खालचा खण ओढला आणि चिठ्ठी सगळ्यांच्या पुढं लावली.

मग आत येऊन पिशवीतून डबा काढला. रजेचा अर्ज उलटा करून टेबलावर अंथरला आणि त्यावर भाकरी सोडल्या. चटणीच्या दोन पुड्या. दोन कांदे. धुऊन पुसलेले दोन पेले, एकात एक घातलेले.

एवढ्या वर्षांत किती वेळा तो दुसरा पेला कोरा परत आला असेल, ते त्या खणातल्या चिठ्ठ्या मोजल्या तर कळेल.

"बसा, मंगलबाई," सर म्हणाले. "उगं वाया जाईल."

मी खाली बसायला लागले, तर त्यांनी पायानं खुर्ची पुढं सरकवली.